पाठीवरचा लॅपटॉप

नायजेरियातल्या बेनिन सिटीत एका टेक हबमध्ये नव्या पोरांना प्रोग्रामिंग शिकवून नोसाखारे पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन घरी निघाला होता. चौकात पोलिसांनी त्याची कॉलर धरली आणि त्याला रस्त्यावर आपटलं.

"लॅपटॉप घेऊन फिरतोस? परदेशी बायकांना ऑनलाइन गंडवतोस काय रे?" सार्जंटनं बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर हाणला.

"नाही साहेब, आईशपथ! मी प्रोग्रामर आहे," नोसाखारे रक्त थुंकत ओरडला.

"प्रोग्रामर म्हणे! इथं सापडणारा प्रत्येक जण प्रोग्रामरच असतो." पाठोपाठ बुटाची लाथ बरगडीत बसली. आत काहीतरी कडकन मोडलं.

बॅगेतून लॅपटॉप बाहेर ओढताना सार्जंटला त्याच्या झाकणावर हबचं स्टिकर दिसलं. त्याचा हात थांबला.

"तिथं शिकवतोस तू?"

नोसाखारेनं होकारार्थी मान हलवली.

सार्जंटनं बाकीच्या पोलिसांना लांब पिटाळलं, लॅपटॉपवरचं रक्त स्वतःच्या बाहीनं पुसलं आणि तो नोसाखारेच्या कानाशी वाकला.



"माझा थोरला तुमच्याकडेच येतो शिकायला. घरी निघताना लॅपटॉप तिथंच ठेवत जा म्हणावं त्याला. वाटेत आम्ही असतो."