राणीने विचारलं

राजाने महालात पाऊल टाकलं आणि राणीने हात आडवा घातला.

"थांबा, महाराज. आधी रिपोर्ट दाखवा."

पेटीवाल्याची बोटं पेटीवरच राहिली. मृदंग गप्प झाला. भांडुपच्या त्या चाळीचं अख्खं पटांगण स्टेजकडे बघत राहिलं.

राणी म्हणजे धोंडिराम. एरवी रिक्षा चालवायचा. पण दशावतारासाठी मिशी उतरवून बायकोची, कुंदाची, हिरवी साडी नेसला की असा दिसायचा, की बायका येऊन विचारायच्या, "ब्लाउज कुठल्या टेलरकडे शिवलंत?" राजा म्हणजे चंद्रप्रकाश. अंधेरीच्या एका कंपनीत सुपरवायझर. आवाज एवढा, की एकदा तालमीत त्याने डरकाळी फोडली तर डोंगरावरचा बिबट्या शेपूट घालून बोरिवलीला गेला. अजून परतला नाही.

दशावतारात वही नसते. गोष्ट ठरलेली, बोलणं ज्याचं त्याला सुचेल तसं. राजा लढाई जिंकून येणार, राणी ओवाळणार, एवढंच ठरलं होतं. रिपोर्टचं काहीच ठरलं नव्हतं.

"कसला रिपोर्ट, राणी?"

"एचआयव्हीचा. पोटात युवराज आहे. माझी तपासणी झाली. तुमची?"

मुकुटाखाली चंद्रप्रकाशला घाम फुटला. त्याच्या बायकोला, सुगंधाला, तिसरा महिना होता. दवाखान्यातल्या नर्सने दोनदा निरोप धाडला होता, मिस्टरांना घेऊन या. दोन्ही वेळा हा म्हणाला, "मी काय तसला माणूस आहे? बायकांची कामं बायकांनी करावीत." आज सकाळी सुगंधाने बॅग भरली होती. "उद्या दवाखान्यात आलास तर आलास. नाहीतर बाळंतपण होईपर्यंत मी जोगेश्वरीला, आईकडे."

त्याने पहिल्या रांगेत पाहिलं. सुगंधाचा वडापाव तोंडापाशी थांबला होता. हिनेच शिकवलंय याला, त्याला वाटलं.

"राजाला कोण विचारतो?" तो गरजला.

"राणी विचारते," धोंडिराम म्हणाला. आवाज अजिबात चढवला नाही. "आजार काय मुकुट बघून परत जातो? कळलं तर औषध आहे, महाराज. युवराजही सुखरूप राहील. न कळण्यावर मात्र औषध नाही."

मागून एक म्हातारा ओरडला, "राजा, रिपोर्ट खंय आसा?"

शिट्ट्या सुरू झाल्या. बायकांच्या जास्त. पडदा दोन पावलांवर होता. चंद्रप्रकाशने एक पाऊल मागे घेतलंसुद्धा. मग त्याला सुगंधा दिसली. सगळं पटांगण हसत होतं, ती तेवढी हसत नव्हती. वडापाव मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होती.

त्याने मुकुट काढला.

"उद्या सकाळी दहा वाजता," तो म्हणाला. आवाज राजाचा राहिला नव्हता. बघत होता राणीच्या खांद्यावरून, पहिल्या रांगेत. "दोघं मिळून जाऊ."

टाळ्या मुलुंडपर्यंत ऐकू गेल्या. खोटं वाटत असेल तर मुलुंडकरांना विचारा. पेटीवाल्याने तर राजा-राणीच्या लग्नात वाजवतात ते गाणं भलत्याच ठिकाणी वाजवून टाकलं. कोणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारात चाळीतले एवढे नवरे जमले, की वॉचमनला वाटलं मॅचची तिकिटं मिळतायत. तोही रांगेत घुसला. चंद्रप्रकाश आणि सुगंधाच्या पुढेच धोंडिराम उभा होता, कुंदासोबत. डोळ्यांतलं काजळ अजून पुरतं गेलं नव्हतं.

चंद्रप्रकाशने त्याला कोपर मारलं. "खरं सांग. सुगंधाने पढवलं ना तुला?"

"मी?" सुगंधा म्हणाली. "मी याच्याशी बोललेसुद्धा नाही!"

"मग एवढं भारी सुचलं कसं रे तुला?"

धोंडिराम कुंदाकडे बघून लाजला. रात्री राणी लाजली नव्हती एवढा.

"सुचलं कसलं, यार! वर्षभर कुंदा घरात हेच म्हणतेय. माझी तपासणी झाली, तुमची? मला ऐकूच यायचं नाही. काल तिची साडी नेसून उभा राहिलो, तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं."