पाच फुटांची बाई

“आजोबा, खालून पावणेदोन फूट कापलं की तयार फ्रेममध्ये बसेल. खर्च निम्म्यावर येईल,” फ्रेमवाला तिसऱ्यांदा म्हणाला.

“खालून तर मुळीच नाही,” बाबा म्हणाले. “आणि मागे पुठ्ठा नको. दोन्हीकडून काच लाव.”

फ्रेमवाल्यानं लेकीकडे पाहिलं. लेकीनं मान खाली घातली. पोस्टर दोन्ही बाजूंनी काचेत घालायचं म्हणजे खुळेपणाची हद्द झाली.

पोस्टर तरी कसलं? केशतेलाची जाहिरात! पाच फूट उंच, जेमतेम फूटभर रुंद. दिव्याच्या खांबांवर लावायला छापलेली. बाबांनी उभा जन्म भिंती-खांबांवर जाहिराती चिकटवण्यात घालवला, त्यातलंच हे एक उरलेलं. गुडघ्यापर्यंत केस सोडलेली बाई आणि तिच्या पायाशी तेलाची बाटली. भाड्याच्या सात घरांत ही बाई दाराआडून हसत आली होती. त्या घरांत खिळा ठोकायची चोरी, भिंतीवर रेघ ओढायची चोरी, पण बाईला जागा मिळायचीच.

आता लेकीनं स्वतःचं घर घेतलं, बाबांना आग्रहानं राहायला आणलं. ते आले कपड्यांची एक पिशवी आणि ही गुंडाळी घेऊन. तेव्हापासून एकच धोशा, हे हॉलमध्ये लावायचं.

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती खर्चामुळे नव्हे. आई गेली तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. आईचा चेहरासुद्धा तिला नीट आठवत नव्हता. घरात आईचा एकच फोटो, ओळखपत्रावरचा, बोटाच्या पेराएवढा. आईबद्दल काही विचारलं की बाबा चष्मा शोधायला लागायचे. तो नाकावर असला तरी. आणि ही तेलवाली मात्र हॉलमध्ये, पाच फुटांची! कोण लागते ही? बायकोपेक्षा मोठी झाली का?

तरी दुकानातून तसंच परतल्यावर तिनं आधी गोडीनं घेतलं. पँट अडकवायचा हँगर आणला, त्याच्या चिमट्यांत पोस्टर धरून पडद्याच्या दांडीला टांगलं. दिसायलाही बरं दिसलं.

“उंच झालं,” बाबा म्हणाले. “खालची कड जमिनीला टेकली पाहिजे.”

“जमिनीला? बाबा, चित्र कुणी जमिनीला टेकवतं का? ठकी फाडून ठेवेल!”

ठकी म्हणजे लेकीची लेक. अकरा महिन्यांची. चार दिवसांपूर्वी खुर्चीला धरून पहिल्यांदा उभी राहिली होती.

“ठकीसाठीच तर लावायचंय,” बाबा म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले.

“तिला काय दाखवायचंय? तेलाची बाटली?”

“लागू दे गं आधी. मग सांगतो.”

मग कपडे वाळवायचे चिमटे झाले, दोरी झाली, जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या झाल्या. बाबांना एकही पसंत पडेना. शेवटी आज सकाळी ते कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेले. दोन लाकडी पट्ट्या मागायच्या, त्यांत वरची कड दाबून स्क्रू मारायचे आणि सुतळीनं टांगायचं. फुकटात काम.

त्यांची पाठ वळताच लेक फ्रेमवाल्याकडे जाऊन सव्वातीन फुटांची तयार फ्रेम घेऊन आली. लावायचीच आहे ना बाई? लावू. पण बाटली नको, तेलाचं नाव नको. माझ्या घरात माझ्या आईच्या नाकावर टिच्चून जाहिरात लागणार नाही.

तिनं गुंडाळी फरशीवर उलगडली. बाई हसत होती. चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले, मोजून खूण केली आणि कात्री चालवली. बाईचे पाय, बाटली, तेलाचं नाव, सगळं एका फटक्यात गेलं. त्या तुकड्याचा तिनं चोळामोळा केला आणि चहाच्या चोथ्यावर कचऱ्याच्या डब्यात कोंबला. किती वर्षांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं तिला.

डबे उचलले तशी बाई आपोआप गुंडाळली गेली. तेवढ्यात दार वाजलं.

बाबा आले ते घामाघूम. बगलेत पट्ट्या, कानावर नुकतं टोक काढलेली पेन्सिल. फ्रेमकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. गुंडाळी उचलून त्यांनी वरची कड पट्ट्यांत दाबली, स्क्रू पिळले आणि स्टुलावर चढले.

“बाबा, ऐका ना...”

“आधी ठकीला आण. उभी कर इथं.”

“बाबा, उलटं लागतंय. बाईचं तोंड भिंतीकडे गेलं.”

“बाई कुणाला हवीय?” बाबांनी सुतळी खिळ्यात अडकवली आणि गुंडाळी सोडून दिली.

कागद सळसळत खाली उलगडला. कोऱ्या पाठीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेशी लेकीनं कधीच न पाहिलेलं बारीक, तिरकं अक्षर. सर्वांत वर, ‘ही मी. पोरीनं इथवर यायचं.’ मग बरंच खाली, ‘चार वर्षं. टाचा उचलून फसवते.’ ‘तीन.’ ‘दोन.’ ‘आज खुर्चीला धरून उभी राहिली.’ आणि तिथून चार बोटांवर कागद संपला होता.

बाबा अजून स्टुलावरच होते, तोंड भिंतीकडे, हात सुतळीवर. “मला इथून दिसत नाही. सगळ्यात खालची रेघ वाच, घरी आणलं त्या दिवशीची,” ते म्हणाले. “तुला आडवं धरून मोजलं आणि तुझ्या आईनं मला न दाखवता काहीतरी लिहिलं. म्हणाली, पोरीला स्वतःच्या घरात वाचू दे. मी आजवर वाचलेलं नाही. वाच, मोठ्यानं.”