पेत्राचं उत्तर

"हा शब्द कोणी बदलला?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

पोलादपूरच्या हायवेलगत हसनची पत्र्याची शेड. समोर काळा दगड आडवा पडलेला, वरचा अर्धा गोणपाटाखाली. खाली ताजी कोरलेली ग्रीक अक्षरं.

"मला ती लिपी येत नाय, बाई. कागद चिकटवतो, छिन्नी मारतो. मंगळवारी नवा कागद आला. तारीख तेवढी कोरायची बाकी हाय."

"कागद कोणी आणला?"

"नाव सांगू नको म्हटलंय."

बाईंनी मुलाकडे रोखून पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" रुचिर म्हणाला. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. अख्ख्या तालुक्यात ग्रीक वाचणारी माणसं दोन. आई, आटप गं, गाडी उन्हात आहे."

"असू दे उन्हात! हसन, नीट ऐक. प्रभू येशूनं पेत्राला विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? शब्द वापरला अगापेचा. म्हणजे जीव ओवाळून टाकणारी प्रीती. पेत्रानं त्याआधी कोंबडा आरवायच्या आत तीनदा त्याची ओळख नाकारली होती. कुठल्या तोंडानं हो म्हणणार? तो म्हणाला, 'फिलो से.' माझी तुझ्यावर माया आहे. जेवढं खरं तेवढंच."

"सरळ माणूस," हसन म्हणाला.

"आमचे रेव्हरंड तसलेच. लग्नाआधीच मला सांगितलं, अगापे माझ्याच्यानं व्हायची नाही, फिलो से चालेल का? मी म्हटलं, चालेल. चव्वेचाळीस वर्षं सकाळच्या चहाबरोबर तेवढंच. वर एक चमचा साखरसुद्धा नाही! आणि इथे कोणी दीडशहाणा 'फिलो से' काढून परस्पर अगापेचं 'अगापो से' लिहून देतो? जो माणूस जन्मात खोटं बोलला नाही, त्याच्या तोंडी थाप घालायची? तीही दगडावर?"

"थाप कशावरून, बाई?"

"मला विचारतोस? संसार मी केलाय!"

"आई, हळू. हायवेपर्यंत ऐकू जातंय."

"जाऊ दे! ज्यानं लिहिलं त्याच्या कानात जाऊ दे. घास ते अक्षर, हसन. माझ्या डोळ्यांदेखत घास."

हसननं घासायचं मशीन उचललं, पण बटण दाबलं नाही. आधी दगडावरचं गोणपाट ओढून बाजूला टाकलं.

चारुशीला रघुवीर. जन्म १९५४. मृत्यू, आणि पुढे कोरी जागा.

"दगड तुमचा, बाई. तुम्ही सांगाल ते घासतो," हसन म्हणाला. "पण कागद आणणारे रेव्हरंडसाहेब गाडीत बसलेत. त्यांना तुम्हीच सांगा, थाप हाय म्हणून."

बाई गाडीकडे वळल्या. गाडीची काच हळूच वर गेली.