जालिंदरचा पट्टा

कोच अण्णांनी सुदामच्या डाव्या गुडघ्याला पट्टा बांधला. "आठवडाभर तू जालिंदर. त्याच्यासारखा लंगडत चढाई कर. फायनलला तो तसाच उतरला, तर आपल्या पोरांना धरता आला पाहिजे."

सुदामचा तिळपापड झाला. समोरच्या संघाचा तो हुकमी चढाईपटू दुखापतीनं महिनाभर घरी बसलेला, तरी कबड्डीच्या मैदानावर विषय त्याचाच! सुदामचे गुडघे तीन वर्षं याच संघासाठी झिजत होते. त्यांची कुणी चौकशी केली नव्हती.

तरी तो लंगडला. आधी रागानं, मग चवीनं. डावा पाय ओढत घुटमळायचा आणि कुणी पकडायला झेपावलं की उजव्यावर गर्रकन गिरकी घ्यायचा. शेवटच्या दिवशी तिघांनी आवळलं, तर तिघांनाही ओढत त्यानं मध्यरेषा गाठली.

"वा रे जालिंदर!" अण्णा ओरडले. पोरांनी टाळ्या पिटल्या. अशा टाळ्या सुदामला कधी मिळाल्या नव्हत्या.

तेवढ्यात फोन आला, जालिंदर खेळणार नाही. पोरं नाचायला लागली.

"सोड आता तो पट्टा," अण्णा हसले.

सुदामला गाठ सोडवेना. उद्या मैदानात पुन्हा नुसता सुदामच उतरणार होता.