ताईंचा उजवा हात

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर मृणालताई पहिल्यांदाच आपल्या स्टुडिओत आल्या. उजवा हात लुळा पडला होता. आता मातीकामाचा वर्ग बंद होणार, असं सगळ्या विद्यार्थ्यांनी गृहीतच धरलं होतं.

ताई थेट चाकापाशी बसल्या. “तबस्सुम, इकडे ये. आज तुझा उजवा हात माझा.”

“ताई, मला अजून साधी वाटीसुद्धा जमत नाही.”

“मला जमते ना. मी सांगते तसं कर.”

चाक फिरू लागलं. ताईंचा डावा हात मातीच्या आतून, तबस्सुमचा उजवा बाहेरून. “माझी बोटं लागतायत? त्यांच्यासोबत वर चल. घाबरू नकोस.” भांडं मध्येच डगमगलं, ताईंनी सावरलं. शेवटी वीतभर उंच बरणी उभी राहिली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ताईंनी माती कापायची तार मागवली. एक टोक तबस्सुमच्या हाती देऊन त्यांनी बरणी उभीच्या उभी कापली.

“अहो ताई, हे काय!” तबस्सुम कळवळली.

“टाळ्या नंतर. आधी बरणीची भिंत बघा.”

सगळे वाकले. बुडापासून काठापर्यंत जाडी एकसारखी होती.

“हं,” ताई म्हणाल्या, “उद्यापासून वर्ग नेहमीच्या वेळी. उशीर चालणार नाही.”