शेजारची जागा

“अगं, चल लवकर, गाडीत वजन हवं!” रस्ता निसरडा झाला, की बाबांची ही हाक लहानपणी लेकीच्या हमखास कानी यायची. रिकामी पिकअप मागून घसरते, असं ते म्हणायचे. मग रोपवाटिकेतली कामं तशीच टाकून आई लगबगीनं त्यांच्या शेजारी जाऊन बसायची. “माझ्या जाडीचा एवढा तरी उपयोग!” म्हणून हसायची.

आज पिकअप लेक नेणार होती, पहिल्यांदाच एकटी. उतारावर चिखल लोण्यासारखा पसरला होता. तिनं वाळूच्या सहा गोण्या मागच्या चाकांवर येतील अशा रचल्या, दोरीनं करकचून आवळल्या आणि एकदम थबकली.

“बाबा, वजन तर मागच्या चाकांवर लागतं. आई पुढे बसायची.”

“हं.”

“आणि वाळूचा ढीग तेव्हाही इथंच होता.”

बाबा उगाच आरसा पुसत राहिले. लेक हटेना. “मग तिला कशाला न्यायचात हो?”

त्यांनी घराच्या दाराकडे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. “एकट्याला भीती वाटायची गं मला. आईला सांगू नकोस हं, ती अजून स्वतःला वजनच समजतेय.”

लेक खुदकन हसली. स्टिअरिंगमागे बसली, किल्ली फिरवली, पण गाडी काही हलवेना. शेवटी हात लांब करून तिनं पलीकडचं दार उघडलं.

“बसा ना, बाबा. मलाही भीती वाटतेय.”