यंत्राची शस्त्रक्रिया

कारखान्याच्या दवाखान्यात आर्या कौसल्याबाईंच्या उजव्या हाताचं चित्र काढत होती. त्यावरून डॉक्टर हाड चार सेंटिमीटरने वाढवणार होते. नव्या यंत्राचा दांडा सगळ्यांसाठी एकाच अंतरावर होता. ज्यांचा हात पोचत नसे, त्यांचा हात वाढवला जाई.

"खांदा कशाला काढतेस गं?"

"खांद्याशिवाय हात कळत नाही, मावशी."

"सुनेचा वाढवला मागच्या महिन्यात. कोपर पुरता वाकत नाही आता. तिची वेणी मी घालते."

आर्याची पेन्सिल थांबली. मग तिने त्याच कागदावर, कौसल्याबाईंच्या बोटांपाशी, यंत्राचा दांडा काढला आणि खाली लिहिलं : दांडा चार सेंटिमीटर अलीकडे घ्यावा. सोबतच्या शस्त्रक्रियेच्या फॉर्मवर रुग्णाच्या नावाच्या रकान्यात तिने यंत्राचा नंबर टाकला.

डॉक्टरांनी फॉर्म वाचला. "हा वर कोणी घेणार नाही."

"घेईपर्यंत मी दुसरं चित्र काढणार नाही. आणि चित्राशिवाय तुम्हाला हाड कापता येत नाही."

"तुझ्या जागी दुसरी येईल."

"येऊ दे की," कौसल्याबाई बाही खाली करत म्हणाल्या, "पण तिच्यासमोर बसायला कोणी आलं पाहिजे ना."

मग त्यांनी फॉर्म ओढून घेतला आणि साक्षीदार म्हणून सही केली.